माय नाही, माळ

मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय आहे. बायको म्हणते, तुम्ही हेडमास्तर झाला नसता तर फौजदार झाला असता. वर्गात कोण काय शिकवतंय ते मी दाराआडून ऐकतो, खिचडी शिजवणाऱ्या तानुबाईला रोज नवा प्रश्न विचारून हैराण करतो, आणि शाळेसमोर अनोळखी मोटरसायकल थांबली तर ती कोणाची हे कळेपर्यंत मला चहा गोड लागत नाही. अशा माणसाच्या शाळेत महामायाबाई आल्या आणि सगळा हिवाळा त्यांनी मला कोड्यात ठेवलं.

आमची शाळा पिंपळगाव राजाच्या अलीकडच्या फाट्यावरून आत, कपाशीच्या वावरांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दर हिवाळ्यात तालुक्याच्या गावच्या अध्यापक विद्यालयातून होणारे शिक्षक आमच्याकडे सराव पाठ घ्यायला येतात. गाव त्यांना ‘डीएडवाले’ म्हणतं. त्यांच्याबरोबर त्यांचे प्राध्यापक येतात, खुर्चीवर बसून पाठ बघतात, शेरा लिहितात, चहा घेतात आणि दुपारच्या बसने परत जातात. महामायाबाई मराठी कसं शिकवावं हे शिकवणाऱ्या. त्यांच्यासाठी मी ऑफिसातली गादीची खुर्ची चौथीच्या वर्गात नेऊन ठेवली होती. बाईंनी त्या खुर्चीला वळसा घातला, सरळ मागे गेल्या आणि पोरांच्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसल्या.

इथपर्यंत ठीक होतं. साधी राहणी म्हणून सोडून दिलं असतं. पण पाठ सुरू झाला तरी बाई फळ्याकडे बघेनात. भिंतीला टेकून, मान वळवून त्या पोरांची तोंडं न्याहाळत होत्या. पुढे बिचारा होणारा मास्तर घामाघूम होऊन कवितेचा अर्थ सांगतोय, आणि यांचं लक्ष कोण नखं खातंय, कोण खिडकीबाहेर बघतंय, कोणाचे नुसतेच ओठ हलतात, याच्याकडे. मला रागच आला. मधल्या सुट्टीत मी विचारलंच.

“बाई, शिकवणारा तिकडं आणि तुम्ही बघता इकडं. हे कसलं निरीक्षण?”

“शिकवणारा काय बोलणार ते मला माहीत आहे, सर,” त्या म्हणाल्या. “त्याच्या टाचणात सगळं लिहिलेलं आहे. पोरं काय करतील ते कुठं लिहिलेलं आहे?”

एवढं बोलून त्या हात धुवायला नळावर गेल्या. उत्तर मिळालं आणि माझा चौकसपणा आणखीच वाढला.

मग मी चौकशीला सुरुवात केली. थोडं त्यांना विचारून, थोडं त्यांच्या विद्यार्थ्यांना चहा पाजून, थोडं तानुबाईकडून. बाई मूळच्या सुलतानपूरच्या, म्हणजे घाटावरच्या. आमचा बुलढाणा जिल्हा दुमजली घरासारखा आहे. वरच्या मजल्यावर घाटावरचे, त्यांची बोली जालन्याकडे झुकलेली. खाली आम्ही घाटाखालचे, अस्सल वऱ्हाडी. बाईंचे वडील दयाराम एसटीत कंडक्टर होते, आणि रोज नव्या गावच्या बोलीची नक्कल करून दाखवायची त्यांना भारी हौस. कोणत्या गावचा माणूस तिकीट कसं मागतो, ते म्हणे ते जेवताना करून दाखवत. लोकांच्या तोंडाकडे बघायचा नाद बाईंना तिथूनच लागला असावा, हा आपला माझा अंदाज. त्यांचे यजमान बुलढाण्याला नोकरीत, मुलगी मंजुश्री नागपूरला शिकते, आणि बाई स्वतः तालुक्याला एकट्या खोली घेऊन राहतात. आवाज हळू, चाल भराभर. दुपारी डबा उघडायच्या आधी पोरांच्या पंगतीत बसून दोन घास खिचडी खाणार म्हणजे खाणारच. तानुबाईला या एका गोष्टीनेच त्यांनी जिंकलं होतं.

खरी गंमत मला कळली ती त्यांच्या टाचणांबद्दल. पाठ टाचण म्हणजे पाठाआधी शिक्षकाने लिहून काढायचा आराखडा. त्यात एका रकान्यात शिक्षक काय विचारणार ते, आणि शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. बाईंच्या हाताखालच्या मुलांच्या टाचणांत हा दुसरा रकाना कोरा असायचा. पाठ झाल्यावर, पोरं खरोखर काय बोलली ते आठवून तो भरायचा. मी म्हटलं, ही कुठली पद्धत?

तेव्हा बाईंनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या स्वतः विद्यार्थ्यांना सुरेख टाचणं लिहून द्यायच्या. तयार माल. एकदा एका छात्राध्यापकाने वर्गात प्रश्न विचारला, एका मुलाला उठवलं. मुलगा उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. मुका उभा. छात्राध्यापक म्हणाला, “शाब्बास! बस खाली.” आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

मी पोट धरून हसलो. बाईही हसल्या, पण त्यांचं हसू लवकर सरलं.

“शाब्बास मीच लिहून दिलं होतं ना, सर,” त्या म्हणाल्या. “त्या मुलाला काय वाटलं असेल? आपण गप्प बसलो तर हे लोक खूश होतात.”

त्या दिवसापासून त्यांनी टाचण लिहून देणं बंद केलं. कोणी तपासायला आणलं तर त्यावर लाल पेन चालवायच्या नाहीत, एखादा प्रश्न विचारून परत द्यायच्या. विद्यार्थी वैतागायचे. इतर विषयांच्या प्राध्यापकांकडून त्यांना छापील असावं तसं सगळं मिळायचं आणि इथे मात्र स्वतःचं डोकं खाजवायचं. काहींनी तर प्राचार्यांकडे तक्रारही केली होती, की बाई शिकवतच नाहीत. बाईंनी ती तक्रार मला अशी सांगितली की जणू दुसऱ्याच कोणाबद्दल आहे.

त्या वर्षीच्या गटात गुलनाज होती. जळगाव जामोदची मुलगी. वडील रहेमतुल्ला यांचं गाद्या भरायचं दुकान. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली आणि तरी हट्टाने मराठीची शिक्षिका व्हायला निघालेली. का, असं मी विचारल्यावर म्हणाली, “सर, आमच्या शाळेत मराठी शिकवायला जे यायचे त्यांना आमचं काही समजायचं नाही. मला समजतं.” उत्तर मला आवडलं. पण पोरीच्या मागे एक मोठं लचांड लागलेलं होतं.

मागच्या वर्षी तिचा अंतिम पाठ नापास झाला होता. अंतिम पाठ म्हणजे बाहेरून परीक्षक येतात आणि मागे बसून बघतात तो. गुलनाजच्या बोलण्यात एक तिढा होता. घरी उर्दू, तिथे ‘ळ’ नाही, सगळा ‘ल’. गल्लीत वऱ्हाडी, तिथेही ‘ळ’ नाही, त्याचा ‘य’ होतो. आमच्याकडे शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया आणि आभाळाला आभाय. म्हणजे घरी ‘ल’, गल्लीत ‘य’ आणि पुस्तकात ‘ळ’. बिचारीने पुस्तकातला ‘ळ’ इतका घोटला, इतका घोटला, की तो नको तिथेही बसायला लागला. परीक्षकांसमोर उभी राहिली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, “मुळांनो, आज आपण कविता शिकू या.” मुलांची मुळं झाली. मागे बसलेले सहाध्यायी फिदीफिदी हसले, तिचा धीर सुटला, आणि ‘उच्चारदोष’ असा शेरा पडून पाठ गेला.

आता ही दुसरी खेप. जळगाव जामोदच्या एका उर्दू शाळेने मराठीची जागा तिच्यासाठी जूनपर्यंत अडवून धरली होती. पाठ पास झाला तर जागा तिची. नाही झाला तर दुसरं कोणी येणार, पुन्हा तसंच, पोरांचं न समजणारं. गुलनाजला जागेपेक्षाही हे दुसरं जास्त लागलं होतं.

त्यामुळे ती सारखी बाईंच्या मागे असायची. “मॅडम, हे बरोबर आहे का? मॅडम, एकदा बघून द्या ना. मॅडम, हा शब्द चालेल का?” बाई काय सांगायच्या? “तुला काय वाटतं?” मला ऐकूनच चिडायला व्हायचं. बुडणाऱ्याने हात पुढे केला तर त्याला पोहण्याबद्दल मत विचारायचं?

आल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात गुलनाजने चौथीच्या वर्गावर एक पाठ घेतला. स्वतःच्या डोक्याने बसवलेला. मोठ्या कागदावर रंगीत चित्रं काढून आणली होती: डोळा, शाळा, केळं, फळ, बाळ. एकेका चित्रावर पट्टी ठेवायची आणि वर्गाकडून म्हणून घ्यायचं. “डोया नाही!” “डोळा!” “शाया नाही!” “शाळा!” “य म्हणायचं नाही!” “ळ म्हणायचं!” पोरांना असला गोंगाट फार आवडतो. पत्रे हादरले. पलीकडच्या वर्गातले गुरुजी बघायला आले.

पाठ संपल्यावर कडुनिंबाखाली बाईंनी तिला एकच विचारलं, “काय दिसलं?”

“सगळी मुलं बरोबर म्हणाली, मॅडम.”

“सगळी?”

“हो, सगळी.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

गुलनाज गेल्यावर मी म्हटलं, “बाई, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय, पाठ तुम्हाला पटलेला नाही. मग सांगून टाका ना तिला. मूग गिळून बसायचं कारण काय? पोरीचं वर्ष आहे.”

“सांगितलं तर ती माझं ऐकेल, सर. मग पोरांचं ऐकायला तिला फुरसत कधी मिळणार?”

“अहो, पण नापास झाली तर?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, ती मला स्पष्ट दिसली. “तेच रोज रात्री माझ्या मनात येतं,” त्या म्हणाल्या. “पण मी तिच्याबरोबर जळगाव जामोदला थोडीच जाणार आहे?”

मला हे पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं आहे असं नाही. पण मी बघत राहिलो.

चौथीत धम्मशीला नावाची एक मुलगी आहे. बाप उकंडराव मजुरीला जातो, माय कापूस वेचायला. पोरगी चुरचुरीत. सकाळी गेटाशी मी उभा असलो की रात्री गावात कोणाच्या घरी काय झालं याची खबर मला तिच्याकडूनच मिळायची. आमचं दोघांचं त्या बाबतीत चांगलं जमायचं. तर ही पोरगी हळूहळू वर्गात गप्प व्हायला लागली. विचारलं तर मान हलवायची, नाहीतर एका शब्दात उत्तर. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

गुलनाजच्या कोऱ्या रकान्यातही तिच्या नावापुढे काही भरलं जाईना. बाईंनी तो रकाना बघून विचारलं, “ही काय म्हणाली?”

“काही म्हणाली नाही, मॅडम.”

“का?”

“मला काय माहीत?”

“मग बघ जा.”

त्यानंतर गुलनाज मधल्या सुट्टीत धम्मशीलाच्या शेजारी जाऊन बसायला लागली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचो. नुसती खिडकीतून बघून माझं भागत नाही, म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने जवळूनही जायचो. बाहेर ओट्यावर धम्मशीलाचं तोंड तव्यावरच्या ज्वारीच्या लाह्यांसारखं फुटायचं. “मॅडम, आमची गाय लय आगाऊ हाय. काल तिनं बापाचा शर्ट खाल्ला. माय म्हणे, आता तिलेच घाल शर्ट.” दोघी हसायच्या. घंटा झाली, पोरगी वर्गात गेली, की तोंडाला कुलूप. गुलनाज दारात उभी राहून तिच्याकडे बघत बसायची. काहीतरी तिला टोचत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. बाईंना विचारायला मात्र ती आता पूर्वीसारखी धावत नव्हती.

फेब्रुवारीत अंतिम पाठाचा दिवस आला. परीक्षक म्हणून अकोल्याकडचे हिंमतराव सर आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी पुस्तकी, एकेक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं. गादीच्या खुर्चीवर ते बसले. महामायाबाई नेहमीप्रमाणे मागे सतरंजीवर. मी दाराशी. गुलनाजचा विषय होता ‘माझे घर’. मुलांनी आदल्या दिवशी चार ओळी लिहून आणायच्या, वर्गात वाचायच्या, आणि मग विशेषणांच्या पट्ट्या दाखवून त्या ओळी सजवायच्या. टाचण तिने एकटीनेच लिहिलं होतं. सुरुवातीला तिने “मुलांनो” म्हटलं आणि ‘ल’ स्वच्छ उमटला. माझाच श्वास मोकळा झाला.

दोन-तीन मुलांनी वाचलं. छान चाललं होतं. मग गुलनाजने धम्मशीलाला उठवलं. मला वाटलं, कशाला जोखीम घेते ही? हुशार पोरं आहेत ना पुढे बसलेली. पण तिने उठवलं. धम्मशीलाने वही तोंडासमोर धरली आणि अगदी बारीक आवाजात वाचलं:

“माझी माळ सकाळी लवकर उठते. आमच्या घरी एक गाळ आहे. गाळीचे पाळ काळे आहेत.”

वर्ग हसला. नुसता हसला नाही, उसळला. गाळीचे पाळ! एक पोरगा सतरंजीवर आडवा झाला. हिंमतरावांनी भुवया उंचावल्या आणि कागदावर काहीतरी टिपलं. धम्मशीलाने वही आणखी वर, डोळ्यांपर्यंत ओढली.

गुलनाजने मागे बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली होती. पदर तोंडाशी, नजर सतरंजीवर. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाई तुमची. आता तरी डोळ्याने एखादी खूण करा. कसली कठोर बाई ही!

सरळ मार्ग होता. ‘माळ नाही, माय. बस खाली.’ आणि पट्ट्या काढायच्या. पाठ पार पडला असता. गुलनाजने हातातल्या पट्ट्या टेबलावर ठेवल्या, धम्मशीलाजवळ गेली आणि खाली तिच्याशेजारी बसली. इतके दिवस वर्गात पुस्तकी मराठी बोलणारी पोरगी एकदम गल्लीतलं बोलायला लागली.

“धम्मशीला, तू घरी मायले काय म्हणतं?”

 “माय,” धम्मशीला वहीआडून म्हणाली.

“मंग इथं माळ काऊन लेहेलं?”

“तुमीच सांगतलं होतं ना मॅडम,” धम्मशीला रडवेल्या आवाजात म्हणाली. “य म्हणाचं नाई, ळ म्हणाचं. शाया नाई, शाळा. डोया नाई, डोळा. मंग माय नाई, माळ.”

वर्गातलं हसू एकाएकी थांबलं. पोरांनाही कळलं की यात चुकलेलं काहीच नाही. दाराशी उभ्या असलेल्या मला तर तोंडात मारल्यासारखं झालं. पोरीने एक नियम घेतला होता आणि तो इमानाने पाळला होता, आपल्या मायपर्यंत नेऊन.

गुलनाज उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. परीक्षक कुठे बसलेत हे ती विसरली नव्हती, कारण तिने एकदा तिकडे बघितलं.

“धम्मशीला चुकली नाही,” ती वर्गाला म्हणाली. “मी जे सांगितलं ते तिनं पुरं केलं. चुकली मी. मी अर्धंच सांगितलं होतं.” आणि मग तिने मुळांची गोष्ट सांगितली. मागच्या वर्षी आपण मुलांना मुळं कसं म्हटलं, लोक कसे हसले, तेव्हापासून ‘ळ’ची आपल्याला कशी धास्ती बसली. “माही भीती मी तुमाले वाटून देल्ली,” ती म्हणाली. “आता आपण सगळे मिळून शोधू. कोणता य तसाच राहाते आन कोणत्याचा ळ होते?”

पुढे जे झालं त्याला पाठ म्हणायचं की बाजार, मला माहीत नाही. फळ्यावर दोन भाग केले. पोरं शब्द फेकायला लागली. “आभाय!” “ळ!” “गाय!” “राह्यते!” “केय!” “ळ!” “सोय!” यावर भांडण. “पाय!” “राह्यते, नाईतर पाळ होते!” धम्मशीला डोळे पुसून स्वतःच ओरडली, “मॅडम, ‘काय’ले काळ म्हणाचं का मंग?” आणि आता हसणाऱ्यांत तीही होती. ‘काया’ शब्दावर सगळे अडकले. काळा रंग म्हणून आला तर काळा, आणि अंगाला काया म्हणतात तेव्हा काया. गुलनाजने फळ्यावर तिसरा भाग पाडला आणि वर लिहिलं, ‘माहीत नाही’. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण फळ्यावर शिक्षकाने स्वतःच्या हाताने ‘माहीत नाही’ लिहिलेलं पहिल्यांदाच बघितलं. ‘माया’ कुठल्या भागात टाकायचं यावर तर मी स्वतः दाराशी उभा राहून विचारात पडलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने अगदी भाबडेपणाने विचारलं, “मंग मोठ्या मॅडमचं नाव महामाळा हाय का?”

सगळा वर्ग खदखदला. हिंमतरावांनी खोकल्याचं निमित्त करून रुमाल काढला. महामायाबाई म्हणाल्या, “नाही रे बाबा, तो य माझ्या बापानं ठेवलेला आहे, तो राहू दे.” आणि घंटा झाली. पट्ट्या टेबलावर तशाच पडून होत्या.

ऑफिसात हिंमतराव सरांनी चहाचा कप बाजूला सारला. “अर्जुनराव, मला खेद आहे,” ते मला म्हणाले. “अर्धा पाठ टाचणाबाहेर गेला. विशेषणे राहिली, मूल्यमापन राहिले, गृहपाठ राहिला. शिवाय छात्राध्यापिकेने वर्गासमोर स्वतःची चूक कबूल केली. मी हिला उत्तीर्ण कसे करावे?”

माझं डोकं तापलं. मी काही बोलणार तोच हिंमतराव बाईंकडे वळले. “बाई, आपण मार्गदर्शक आहात. आपले काय म्हणणे आहे?”

“तिचा पाठ आहे,” बाई म्हणाल्या. “तिला विचारा.” बोलताना त्यांचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

गुलनाज आत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

“तुम्हाला माहीत होते ना, मी मागे बसलो आहे?” हिंमतरावांनी विचारलं. “तो शब्द दुरुस्त करून पुढे गेला असता तर पाठ व्यवस्थित पूर्ण झाला असता. मग का थांबलात?”

 गुलनाजने बाईंकडे बघितलं नाही.

“सर, ती मुलगी महिनाभर वर्गात बोलत नव्हती,” ती म्हणाली. “कोणता शब्द तोंडातून काढला तर चालेल, तेच तिला कळत नव्हतं. तिला मी गप्प केलं होतं. आज मी पुढे गेले असते तर तुम्ही मला पास केलं असतं आणि गेला असता. पण ती घरी जाऊन आपल्या मायेला काय म्हणून हाक मारणार होती?”

 हिंमतरावांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

“आमच्या घरीही आईला मायच म्हणत,” ते म्हणाले, आणि मग त्यांच्या धुतल्या-पुसल्या भाषेला कुठेतरी भेग गेली. “टाचण पाळाव लागते, पोरी. पुढच्या खेपेले ध्यानात ठेव. गुण मी जास्त देत नाही. पण पास करून राह्यलो.”

गुलनाज तिथेच भिंतीला टेकली आणि रडायला लागली. तानुबाईने तिला बाहेर नेलं, पाणी दिलं. खिडकीतून दिसलं, की धम्मशीला तिच्या ओढणीचं टोक धरून मागे मागे चालली आहे.

संध्याकाळी मी बाईंना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. बस यायची होती. मला राहवेना. म्हटलं, “बाई, माझी हार. तुमची पद्धत खरी. पोरीने तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही मान खाली घातली, तेव्हा मला तुमचा संताप आला होता. पण तुम्ही तेव्हा मदत केली असती तर ती इतकी पुढे गेलीच नसती. हे असं ऐन वेळी गप्प बसायला काळीज लागतं.”

बाई रस्त्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

“काळीज कसलं, सर,” त्या म्हणाल्या. “मी हसत होते.”

“म्हणजे?”

“गाळीचे पाळ ऐकलं आणि मला हसू आवरेना. वर्ग हसला तशी मीही हसले. पदर तोंडात कोंबला होता. ती माझ्याकडे बघतेय ते कळत होतं, पण मान वर काढायची सोय नव्हती.” त्या थांबल्या. “इतकी वर्षं मी पोरांची तोंडं बघतेय. त्या लेकराचं तोंड तेव्हा मी बघितलंच नाही. भरल्या वर्गात एकटी गुलनाज हसली नाही.”

बस आली. कंडक्टरने दार उघडलं. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या आणि बस हलायच्या आत वाकून मला म्हणाल्या, “हे तिला मी शिकवलेलं नाही, सर. मलाच शिकायचं आहे ते.”